दिल्लीचा विस्तार आणि रस्त्यांचे सांधे

सुवर्णमहोत्सवाच्या तयारीत मंडळाचे कपाट आवरताना सभासदांच्या जुन्या वह्या आमच्या हाती आल्या. वर्गणीच्या नोंदींपलीकडे त्यांत काही सापडेल अशी अपेक्षा नव्हती. परंतु पत्त्यांचा रकाना वाचू लागलो आणि दुपार त्यातच गेली. पहिल्या वहीतील बहुतेक पत्ते सरोजिनीनगर, नेताजीनगर, रामकृष्णपुरम्, लोदी कॉलनी, गोल मार्केट, करोल बाग आणि पहाडगंज एवढ्यांत आटोपतात. पुढच्या वहीत जनकपुरी दिसू लागते. त्यानंतर पटपडगंज, रोहिणी, द्वारका येतात, आणि अलीकडच्या वह्यांत तर नोएडा, गुडगाव, फरीदाबाद अशी राज्याची हद्द ओलांडलेली नावे भरून राहिली आहेत. पूर्वी गणेशोत्सवाच्या पत्रिका घेऊन एखादा कार्यकर्ता सायकलवर निघे आणि सरोजिनीनगरापासून रामकृष्णपुरम्‌पर्यंतची घरे एका संध्याकाळी उरकून परत येई, असे वडीलधारे सभासद सांगतात. आज पत्रिका मोबाईलवर क्षणात पोहोचते. माणसे मात्र पोहोचत नाहीत. 'यायचे खूप मनात होते हो, पण जाण्यायेण्यात दिवस मोडतो,' हे वाक्य गेल्या काही वर्षांत आम्ही इतक्यांदा ऐकले आहे, आणि इतक्यांदा स्वतःही उच्चारले आहे, की त्याच्या मुळाशी जावे असे वाटू लागले.

शहर वाढले म्हणून अंतरे वाढली, हे उत्तर सोपे आहे आणि काही अंशी खरेही आहे. जनगणनेप्रमाणे दिल्लीची लोकसंख्या १९५१ मध्ये १७ लाख ४४ हजार होती. ती १९८१ मध्ये ६२ लाखांवर आणि २०११ मध्ये १ कोटी ६८ लाखांच्या घरात गेली. २००१ मध्ये दिल्लीत १६५ खेडी मोजली गेली होती, २०११ मध्ये ११२ उरली. बाकीची शहराने पोटात घेतली. परंतु केवळ पसरण्याने माणसे दुरावत नाहीत. रस्ते एकमेकांना किती ठिकाणी मिळतात यावरही पुष्कळ अवलंबून असते. शाळेत शिकलेल्या गणिताचाच हा विषय आहे. तीन गाळे लांब आणि तीन गाळे रुंद अशी बुद्धिबळाच्या पटासारखी वस्ती घेतली, तर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाण्याचे सर्वांत जवळचे मार्ग वीस निघतात. त्याच वस्तीभोवती भिंत घालून एकच फाटक ठेवले, तर बाहेरून येणाऱ्यास मार्ग एकच उरतो, आणि तो बहुधा लांबचा असतो. रस्त्यांच्या या मिळण्याच्या जागांना आम्ही येथे सांधे म्हणणार आहोत. दिल्लीचे हे सांधे कसे जुळले आणि कसे निखळले, याचा इतिहास ध्यानात घेण्याजोगा आहे.

आरंभ पटपडगंजापासून करतो, कारण ते नाव मराठी माणसास परके नाही. ११ सप्टेंबर १८०३ रोजी याच परिसरात दौलतराव शिंद्यांची फौज आणि जनरल लेक याची इंग्रज सेना यांची लढाई झाली. शिंद्यांच्या कवायती पलटणींचे नेतृत्व लुई बूर्क्विन या फ्रेंच अधिकाऱ्याकडे होते. दिल्लीहून यमुना उतरून ही फौज पूर्वतीरावर आली आणि नदी पाठीशी घेऊन उभी राहिली. पराभव झाला तेव्हा माघारीस वाट नव्हती. मागे यमुना होती आणि तिच्यावर पक्का पूल नव्हता. अनेकजण त्या पाण्यात बुडाले. पुढच्या काही दिवसांत दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडातील गोल्फच्या मैदानात उभा आहे. त्याच्यापासून काही किलोमीटरांवर आपल्या मंडळाचे कित्येक सभासद राहतात, पण तो पाहिलेला मनुष्य आम्हांस विरळाच भेटला.

नदीवर पहिला पक्का पूल व्हावयास त्यानंतर सहा दशके लागली. लोखंडी पूल म्हणून ओळखला जाणारा तो दुमजली पूल १८६६ मध्ये तयार झाला: वर आगगाडी, खाली रस्ता. पुढे जवळजवळ शतकभर यमुनापार जाणाऱ्यांची मुख्य भिस्त त्याच्यावरच होती. एक कोटीहून अधिक वस्तीच्या शहराचा एक भाग दुसऱ्या भागास इतक्या थोड्या ठिकाणी जोडलेला असावा, हे यमुनापारच्या लोकांचे जुने दुखणे आहे. वजिराबादजवळचा सिग्नेचर पूल वाहतुकीस खुला झाला तो २०१८ मध्ये.

आता नदीच्या अलीकडे येऊ. शहाजहानने १६३९ मध्ये किल्ल्याचा पाया घातला आणि १६४८ मध्ये नव्या राजधानीत प्रवेश केला. या शहाजहानाबादेत मोठे रस्ते दोनच होते. एक किल्ल्याच्या लाहोरी दरवाजापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत जाणारा, सुमारे सव्वा किलोमीटरचा चांदणी चौक. तो बादशहाची कन्या जहाँआरा हिने आखविला आणि त्याच्या मधोमध कालवा वाहत असे. दुसरा किल्ल्यापासून दक्षिणेकडे दिल्ली दरवाजाकडे जाणारा फैज बाजार. उरलेले शहर म्हणजे कूचे, कटरे आणि गल्ल्या. नकाशावर पाहिले तर गुंतलेल्या सुताचा गुंडा वाटावा. पण बल्लीमारानातून चावडी बाजाराकडे आणि तेथून जामा मशिदीकडे पायी जाऊन पाहावे. दर शंभर-दीडशे पावलांवर वाट फुटते, एक बंद निघाली तर दुसरी सापडते, आणि विचारावयास प्रत्येक कोपऱ्यावर दुकानदार बसलेला असतो. मराठीत आपण ज्यास बोळ म्हणतो, त्याचे महत्त्व अशा ठिकाणी समजते. बोळातून गाडी जात नाही, पण माणूस जातो.

जुन्या शहराविषयी फार हळवे होण्याचेही कारण नाही. त्या मोहल्ल्यांना दरवाजे होते आणि रात्री ते लावले जात. कित्येक गल्ल्या मुद्दाम बंद ठेवलेल्या होत्या. एका जमातीची अथवा एका धंद्याची माणसे आपापल्या कटऱ्यात सुरक्षित राहत. तेव्हा फाटक ही आजच्या वसाहतीची युक्ती आहे, असे जे सांगितले जाते ते बरोबर नाही. फरक इतकाच की तो दरवाजा उघडला की माणूस लगेच बाजारात असे, आणि दिवसा तो उघडाच असे.

या शहरावर पहिला मोठा घाव १८५७ नंतर पडला. उठाव मोडून काढल्यावर इंग्रजांनी किल्ल्यातील बऱ्याच इमारती पाडल्या आणि किल्ल्याभोवतीची दाट वस्ती तोफांच्या सोयीसाठी भुईसपाट केली. अकबराबादी मशीदही त्यात गेली. मागोमाग आगगाडी आली. १८६७ च्या आरंभी लोखंडी पुलावरून येणारा रूळमार्ग सलीमगडातून थेट तटाच्या आत घुसविण्यात आला आणि शहराच्या उत्तर भागात स्थानक बांधले गेले. त्यामुळे काश्मिरी दरवाजाकडील भाग चांदणी चौकाकडील भागापासून तुटला. जेथे पूर्वी गल्लीगल्लीतून जाता येई, तेथे लोथियन पुलासारख्या मोजक्याच ठिकाणी रूळ ओलांडण्याची सोय राहिली. आगगाडीने दिल्लीस कलकत्त्याशी व लाहोरशी जोडले, आणि त्याच वेळी दिल्लीचेच दोन तुकडे परस्परांपासून तोडले. पुढे मोठ्या रस्त्यांच्या बाबतीत हाच अनुभव पुन्हा पुन्हा येणार होता.

१२ डिसेंबर १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. ल्युट्येन्स साहेबाच्या आराखड्याची तारीफ आपण सगळेच करतो. वृक्षांच्या छायेतील ते रुंद मार्ग कोणाला आवडणार नाहीत? रस्ते तेथे एकमेकांस उत्तम मिळतात, पण दोन चौकांमधील अंतर पायी चालणाऱ्याच्या मापाचे नाही. बंगल्याच्या एका कुंपणाची लांबी संपेपर्यंत जुन्या दिल्लीत चार वळणे होऊन जातात. शिवाय घर कोणास कोठे मिळावे हे हुद्द्यावरून ठरे. ही पद्धत आम्हां सरकारी नोकरांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात काही वावगे आहे असे वाटतच नाही. एक गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे. आजचा संसद मार्ग ज्या रेषेत आहे, ती रेषा कनॉट प्लेसमधून पुढे वाढविली तर जामा मशिदीकडे जाते. दोन्ही शहरे त्या रेषेने सांधावी असा मूळ विचार होता. तो रस्ता तटापलीकडे कधी झालाच नाही. मध्ये रेल्वेचे रूळ राहिले आणि मोकळी जागा राहिली.

सामान्य कारकुनाच्या वाट्यास आलेली नवी दिल्ली तुलनेने बरी होती. गोल मार्केटच्या आसपासच्या चाळीवजा क्वार्टरांच्या चौकांत बाजार जवळ होता. त्या भागात आजही पेशवा रोड नावाचा रस्ता आहे. नवी राजधानी उभारताना उठविलेल्या खेड्यांतील लोकांना करोल बागेत जागा देण्यात आल्या, आणि तेथील सरळ, आखीव गल्ल्या आजही चालणाऱ्यास सोयीच्या आहेत. इंग्रजी अमदानीच्या शेवटी बांधलेली लोदी कॉलनी तर अभ्यासण्यासारखी आहे: इमारतींच्या मधून कमानी ठेवलेल्या आहेत, त्यांतून आत शिरावे, अंगण ओलांडावे आणि पलीकडच्या रस्त्यावर निघावे. पहाडगंजातील नूतन मराठी विद्यालयात मुले धाडणारी त्या काळची कुटुंबे या अशा वस्त्यांत राहत, आणि मुले बहुधा पायी जात.

फाळणीनंतर सुमारे पाच लाख निर्वासित दिल्लीत आले. लाजपतनगर, पटेलनगर, राजेंद्रनगर या वसाहती घाईने उभ्या राहिल्या. भूखंड लहान, गल्ल्या अरुंद आणि जवळजवळ. घाईत केलेल्या या कामाचे सांधे पुढच्या विचारपूर्वक केलेल्या कामापेक्षा चांगले निघाले, हा एक दैवदुर्विलासच म्हणावयाचा.

विचारपूर्वक कामाची निकड कावीळीच्या साथीने पटविली. १९५५-५६ च्या हिवाळ्यात नजफगड नाल्याचे मैलापाणी वजिराबादच्या पाणीउपशापर्यंत उलटे चढले आणि शहरात कावीळ पसरली. स्वैर वाढीस आवर घालावा म्हणून १९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले. १३ नोव्हेंबर १९५९ च्या अधिसूचनेने एकदम ३४,०७० एकर जमीन संपादनाखाली आणण्यात आली. खाजगी वसाहतदारांचा धंदा दिल्लीत आटोपला. त्यांतील सर्वांत मोठ्याने पुढे गुडगावचा रस्ता धरला, ती कथा निराळी. १ सप्टेंबर १९६२ पासून दिल्लीचा पहिला बृहत् आराखडा अमलात आला.

या आराखड्याच्या सल्लागार-मंडळाचे प्रमुख होते अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मायर. चंदीगडची पहिली आखणीही त्यांचीच. त्यांच्या पिढीवर अमेरिकेतील दोन कल्पनांचा पगडा होता. एक, १९२९ मध्ये क्लॅरेन्स पेरी यांनी मांडलेली शेजारवस्तीची कल्पना: मध्यभागी शाळा व बाग, कडेने मोठे रस्ते, आणि आतून परकी वाहतूक जाणार नाही अशी रचना. दुसरी न्यू जर्सीतील रॅडबर्न या गावाची, जेथे मोटारींचे आणि पादचाऱ्यांचे मार्ग वेगळे केले होते. मुलांना मोटारीखाली सापडू न देता शाळेत जाता यावे, हा त्यामागचा हेतू कोणासही पटण्यासारखा आहे. रॅडबर्नमध्ये मोटारीची वाट आखडली, पण पायवाटा बागांमधून एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत अखंड चालत राहिल्या. आमच्याकडे या पद्धतीतील मोटारींचा भाग उतरला, पायवाटांचा भाग कागदावर राहिला. वस्तीच्या कडेने शंभर-दीडशे फुटी रस्ते झाले, ते ओलांडणे म्हणजे जीव मुठीत धरणे झाले, आणि वस्तीच्या आतून आरपार जाणारी वाट नाहीशी झाली. मग प्रत्येकास प्रत्येक कामासाठी त्याच मोठ्या रस्त्यावर यावे लागते. तेथे गर्दी होते. गर्दी होते म्हणून रस्ता आणखी रुंद करावयाचा, त्यावर उड्डाणपूल चढवावयाचा. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी अशा पुलांची पहिली मोठी फेरी झाली. त्यानंतरच्या फेऱ्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

संपादित जमिनीवर घरे होण्यास जो वेळ लागला, तेवढ्यात लोक थांबणार नव्हते. शेतजमिनीचे तुकडे करून अनधिकृत वसाहती वसल्या. ज्याने जेवढे शेत घेतले त्याने तेवढ्यात एक गल्ली काढली, आणि ती शेताच्या बांधापाशी संपली. शेजारच्या शेतातील गल्ली त्याच बांधापाशी पलीकडून येऊन थांबली. दोहोंत एका भिंतीचे अंतर, आणि फेरा अर्ध्या मैलाचा. जुन्या बांधांचा नकाशा अशा रीतीने शहराच्या अंगावर कायमचा गोंदला गेला. १९७७ नंतर अशा पाचशेहून अधिक वसाहती नियमित करण्यात आल्या, आणि २०१९ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने आणखी १,७३१ वसाहतींतील रहिवाशांना मालकी हक्काची वाट मोकळी केली. घराचे कागद मिळतील. गल्ली मात्र भिंतीपाशीच थांबलेली राहील. मुनिरका, कोटला मुबारकपूर, शाहपूर जट यांसारखी लाल डोऱ्याच्या आतील खेडी आणि त्यांच्या शेतांवर उभ्या राहिलेल्या वसाहती यांचेही असेच आहे. दोघे एकमेकांकडे पाठ करून बसले आहेत.

राहिली फाटके. १९८४ ची दंगल आणि मे १९८५ मधील ट्रान्झिस्टर-बाँबचे स्फोट यांनंतर वसाहतींच्या तोंडाशी लोखंडी फाटके दिसू लागली. त्या दिवसांची भीती खरी होती, तिला आज नावे ठेवणे शोभणार नाही. परंतु भीती ओसरली तरी फाटक गेले नाही. त्याला जोड म्हणून रखवालदार आला, नोंदवही आली. याच सुमारास यमुनापार सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या राहू लागल्या. सरकारी क्वार्टर निवृत्तीबरोबर सोडावे लागते, म्हणून आमच्यासारख्या अनेकांनी त्यांत हप्ते भरले.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या संस्थेच्या मागच्या भिंतीत एक लहान फाटक होते आणि ते शेजारच्या संस्थेत उघडत असे. शेजारच्या त्या संस्थेत मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद राहत. आमच्या गच्चीवरून त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे दोन चोऱ्या झाल्या आणि ते फाटक बंद करावे असा ठराव आला. आम्ही त्या वेळी कार्यकारिणीवर होतो. ठरावाच्या बाजूने आम्ही हात वर केला, आणि कुलूप न लावता विटांनी बांधूनच टाकावे ही सूचनाही आमचीच. चोर त्या वाटेने आले होते की नाही, हे कोणी तपासले नव्हते.

त्यानंतरच्या जानेवारीत एका रात्री अकराच्या सुमारास त्या सभासदांच्या पत्नीचा दूरध्वनी आला: छातीत कळ येत आहे, मुलगा परगावी आहे, भावजी, तुम्ही या. आम्ही निघालो. पूर्वी दीडशे पावले होती. आता पुढच्या फाटकातून मोठ्या रस्त्यावर, तेथून चौकापर्यंत, चौकातून मागच्या रस्त्यावर आणि त्यांच्या फाटकाशी नोंदवहीत नाव, असा सव्वा किलोमीटर. धुके दाट होते. आम्ही धापा टाकीत पोहोचलो तेव्हा ते जिन्याच्या पायरीवर बसले होते आणि वहिनी एकट्या त्यांना सावरीत होत्या. रुग्णवाहिका त्यानंतर आली. तिला आधी आमच्याच फाटकाशी नेऊन उभे केले गेले होते. दैव चांगले म्हणून ते वाचले. बरे होऊन घरी आल्यावर भेटावयास गेलो, तेव्हा ते हसून म्हणाले, "तुमच्या घरातला दिवा आम्हांला दिसतो, पण तुमच्याकडे यायचे तर रिक्षा करावी लागते." भिंत बांधण्याची सूचना कोणाची होती हे त्यांना ठाऊक नव्हते. आम्हीही त्या दिवशी सांगितले नाही.

मेट्रोविषयी लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी ही पहिली गाडी सुरू झाली, आणि यमुना ओलांडणे प्रथमच मिनिटांचे काम झाले. द्वारकेचा मनुष्य मंडी हाऊसला नाटकास येऊ शकतो तो तिच्यामुळेच. दूरचे तिने जवळ आणले, यात शंका नाही. स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र जुन्याच रचनेच्या हाती आहे. स्थानक खिडकीतून दिसते आणि ई-रिक्षा वळसा घालून वीस मिनिटे घेते, असे अनुभव सभासदांकडून ऐकतो.

आणि आता तर ज्या सरकारी वसाहतींत आपले मंडळ जन्मले, त्याच पाडून नव्याने बांधल्या जात आहेत. सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर यांसह सात वसाहतींच्या पुनर्बांधणीस २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. नौरोजीनगरात क्वार्टरांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. जुनी घरे कोंदट होती, गळत होती, आम्ही त्यांत राहिलो आहोत, त्यांची तरफदारी करण्याचा हेतू नाही. परंतु त्या दुमजली रांगांच्या मागून मागच्या गल्ल्या होत्या, चौकाचौकांतून आरपार वाट होती, आणि पत्रिका वाटणाऱ्या सायकलस्वारास कोठे उतरावे लागत नसे. उंच इमारतींत कुटुंबे अधिक मावतील. त्यांच्या तळाशी अशा वाटा किती राहतील, हे नकाशे संमत करणाऱ्यांस विचारण्याचा हक्क तेथे राहिलेल्यांना आहे, आणि राहणाऱ्यांनाही आहे.

आमच्या संस्थेची गोष्ट पुरी करतो. पुढच्या वार्षिक सभेत आम्ही उठून भिंतीची ती सूचना आपली होती असे सांगितले आणि ती मागे घेत असल्याचेही सांगितले. वादावादी पुष्कळ झाली. निम्म्या लोकांना चोरांची धास्ती होती, आणि शेजारच्या संस्थेचीही संमती हवी होती. पत्रव्यवहारात आठ महिने गेले. अखेर वाड्याच्या दरवाजाला असते तशी, एका वेळी एक माणूस वाकून जाईल एवढी दिंडी ठेवावी, ती पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत उघडी असावी आणि अकरानंतरची एक किल्ली दोन्हीकडच्या रखवालदारांजवळ राहावी, असे ठरले. विटा फोडण्याचा खर्च आम्ही दिला. ते सभासद आता नाहीत. वहिनी सकाळी दुधाला त्याच दिंडीतून येतात आणि परतताना, गुडघे दुखत असले तर, आमच्याकडे चहाला थांबतात.